आधी प्रोपेलर शाफ्ट (पुढून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) फिरतोय का ते बघा

तुमच्या चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत मागच्या चाकांना ताकद मिळत नाही, म्हणजे मागचा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच) गेला, असं इथे एकाने म्हटलंय. मला ते पटत नाही. डिफरन्शियल बिघडला तर तो बहुधा आवाज करतो, घरघरतो; तुमची गाडी तर गप्पच आहे.

मूळ रचना पुढच्या चाकांवर चालणारी असेल, तर ही चाचणी करा. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. मागच्या चाकांना ठोकळे लावा, पुढचं एक चाक उचलून गाडी स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली डोकावू नका, कळकळीने सांगतो. आता ते चाक हाताने सावकाश फिरवा. शाफ्ट जागचा हलत नसेल, तर दोष पुढे आहे: गिअरबॉक्सला जोडलेल्या अँगल गिअरचे (ताकद शाफ्टकडे वळवणाऱ्या गिअरचे) स्प्लाइन, म्हणजे जोडाचे दाते, झिजून गुळगुळीत झालेले असू शकतात. जुन्या गाड्यांत हे होतं आणि तिथली जोड-स्लीव्ह बदलून भागतं.

शाफ्ट फिरत असेल, तर संशय कपलिंगवर, म्हणजे शाफ्ट आणि मागचा डिफरन्शियल यांना जोडणाऱ्या भागावर. व्हिस्कस प्रकारातलं (ज्यात ताकद दाट द्रवातून पुढे जाते) सिलिकॉन द्रव वयाबरोबर खराब होतं. तसं कपलिंग अख्खंच बदलावं लागतं. हॅल्डेक्स प्रकारात (ज्यात तेलाच्या दाबाने क्लच आवळला जातो) मात्र आधी फ्यूज आणि वायरिंग, मग पंप, तेल आणि फिल्टर तपासा. गाळाने पंपाची जाळी तुंबली की क्लचला दाब मिळत नाही.

आणि चारही टायर सारखेच झिजलेत ना? दोन नवे, दोन जुने असतील तर कपलिंग सतत घसरत राहतं. नवं बसवलंत तरी तेही जाईल.