दत्तक गेलेल्या भावंडाचा शोध घेण्याची मुभा घरी राहिलेल्या भावंडांना असावी का?

लालबागची लेक (धागाकर्ती):
२०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार जन्मकुटुंबाचा शोध घेण्याची मुभा फक्त दत्तक गेलेल्या व्यक्तीला आहे. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ती 'कारा'कडे, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, स्वतः अर्ज करू शकते. इतर सर्वांना, मग ती सख्खी बहीण का असेना, ही वाट बंद आहे. हा नियम बदलावा, असे माझे ठाम मत आहे.

१९८३ साली, गिरणी संपाला वर्ष उलटून गेले असताना आणि वडिलांचा पगार पूर्ण थांबलेला असताना, आमच्या घरी चौथी मुलगी जन्मली आणि आईने तिला एका संस्थेच्या स्वाधीन केले. आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत लुगड्याच्या घडीत प्रसूतीचा कागद सापडला. पुढच्या बाजूला 'स्त्री, दोन किलो शंभर ग्रॅम' आणि पाठीमागे पेन्सिलीने मांडलेला रेशनचा हिशेब, एवढेच त्यावर आहे. संस्थेने नियमावर बोट ठेवून माहिती नाकारली, त्याबद्दल मी तिला दोष देत नाही.

मला बहिणीचा पत्ता नको आहे. माझे नाव नोंदवून ठेवता येईल अशी जागा हवी आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९१ पासून अशी संपर्क नोंदवही आहे, जिच्यात जन्माचे नातेवाईक आपले नाव देऊन ठेवतात आणि पुढे जायचे की नाही हे दत्तक गेलेली व्यक्ती ठरवते. आपल्याकडे हे का होऊ नये?

मुलुंडची आई:
ताई, आपल्या दुःखाबद्दल पूर्ण आदर ठेवून मी या मागणीला विरोध करते. माझी दत्तक मुलगी सोळा वर्षांची आहे. तिने उद्या शोध घ्यायचे ठरवले तर मी तिच्यासोबत जाईन. पण कोणीतरी आपली वाट पाहत आहे हे तिला बाहेरून कळणे हेच तिच्यावरचे दडपण ठरेल. शिवाय आपण जन्मदात्या आईचा विचारच केलेला दिसत नाही. लग्नाआधी झालेले मूल सोपवून ज्या बाईने पुढे संसार थाटला, तिच्या मुलांनी अशा वहीत नाव घातले, तर तिने आयुष्यभर जपलेली गोष्ट तिला न विचारता उघडी पडेल. दत्तक गेलेल्या मुलाच्या हक्कामुळेही जन्मदात्यांच्या खासगीपणाला बाधा येऊ नये, असे हीच नियमावली सांगते. मग भावंडांचा हक्क त्याहून मोठा कसा?

गोरेगावकर:
मी स्वतः दत्तक मुलगा आहे आणि रीतसर अर्ज करून शोध घेतला आहे. जन्मदाते सापडले नाहीत किंवा त्यांनी भेट नाकारली, तर मूल कोणत्या परिस्थितीत सोपवले गेले हे अर्जदाराला सांगितले जाते, तसे मलाही सांगितले गेले. परंतु मला भाऊ-बहीण आहेत का, याचे उत्तर त्या कागदांत नव्हते. अशी वही असती तर मी ती नक्की पाहिली असती, म्हणून माझा पाठिंबा आहे. मात्र लालबागच्या ताईंना एक सांगावेसे वाटते. पहिल्याच भेटीत 'आता भाऊबीजेला ये' असे कोणी मला म्हटले असते, तर मी पुन्हा गेलो नसतो. रक्त एक असले तरी नाते पहिल्यापासून जुळवावे लागते, आणि कदाचित ते जुळणारही नाही.

समाजकार्यकर्ता, कुर्ला:
दोन व्यावहारिक गोष्टी मांडतो. ज्या बाळाला आईने स्वतः सोपवले त्याच्या कागदांत काहीतरी धागा मिळतो. बेवारस सापडलेल्या बाळाच्या बाबतीत कितीही उत्तम नोंदवही केली तरी जुळवण्यासारखे काही नसते. दुसरे म्हणजे, ही सोय नसल्यामुळे लोक फेसबुकवर बाळाचे जुने फोटो आणि संस्थेचे नाव टाकून शोध घेतात. ते मूल अजून अल्पवयीन असेल तर त्याची ओळख उघड करणे बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. चोरवाटेने होणाऱ्या शोधापेक्षा समुपदेशकाच्या देखरेखीखालची वही मुलांसाठी अधिक सुरक्षित आहे, असे माझे मत आहे.

लालबागची लेक:
मुलुंडच्या ताईंचा जन्मदात्रीबद्दलचा मुद्दा मला मान्य आहे. आई हयात असेल तर तिच्या लेखी संमतीशिवाय भावंडांची नोंद घेऊ नये, अशी अट घालता येईल.

मुलुंडची आई:
त्या अटीबरोबर आणखी दोन हव्यात. माझी मुलगी स्वतः विचारणा करेपर्यंत वहीत तिच्यासाठी नोंद आहे हे तिला कोणीही कळवू नये, आणि वयाची मर्यादा अठराऐवजी पंचवीस असावी. अठराव्या वर्षी बारावीची परीक्षा डोक्यावर असलेल्या मुलीने हा भार का उचलावा?

लालबागची लेक:
न कळवण्याची अट मी आनंदाने स्वीकारते. पंचविशीची अट मात्र मान्य नाही. अठराव्या वर्षी तिला मत देता येते आणि आजच्या नियमाने आई-वडिलांचा शोधही घेता येतो. मग केवळ बहिणीचे नाव पाहण्यासाठी तिला आणखी सात वर्षे थांबवण्याचे कारण मला पटत नाही.