मदत हवी आहे: 'फाम फताल'ला मराठीत काय म्हणावं?

मंडळी, आमच्या छोट्या फिल्म क्लबात फिल्म न्वारवर (1940च्या दशकातले काळोखे, बहुतेक कृष्णधवल हॉलिवूड गुन्हेपट) अर्धा तास बोलायचं कबूल करून बसलोय आणि आता एका शब्दापाशी अडकलोय. 'फाम फताल'साठी (पुरुषाला मोहात पाडून नाशाकडे नेणारी बाई) 'विषकन्या' सुचवला गेला, पण मला तो पटत नाही. विषकन्येला दुसरा कोणीतरी पाठवतो. ती हत्यार असते. 'डबल इन्डेम्निटी' (1944) मधली बार्बरा स्टॅनविक कोणाच्या सांगण्यावरून काही करत नाही. नवऱ्याला मारून विम्याचे पैसे लाटायचा डाव तिचाच, आणि विमा एजंट तिच्या पायातल्या साखळीकडे बघून पाघळतो तो स्वतःच! 'मोहिनी' म्हटलं तर फार देवळातलं वाटतं.

दुसरी अडचण दाखवायच्या चित्रपटाच्या निवडीची. वेडं प्रेम नेमकं कोणाचं दाखवायचं? फ्रिट्झ लँगच्या 'स्कार्लेट स्ट्रीट' (1945) मध्ये पछाडलेला आहे तो पुरुषच, रविवारी चित्रं काढणारा मध्यमवयीन कॅशियर. ज्या बाईसाठी तो वेडा होतो तिला तो नकोच असतो, फक्त त्याचे पैसे हवे असतात. (शेवटामुळे मला दोन दिवस नीट झोप नव्हती.) उलट त्याच वर्षीच्या 'लीव्ह हर टू हेवन' मध्ये जीन टियर्नीचं प्रेमच जीवघेणं, नवऱ्याचा वाटेकरी तिला कोणीच नको, त्याचा अपंग धाकटा भाऊसुद्धा. पण तो रंगीत, टेक्निकलरमधला. त्याला न्वार म्हणायचं का?

एकच दाखवता येणार आहे. तुम्ही कोणता निवडाल, आणि का? शब्दही सुचवा, 'घातकी सुंदरी' सोडून.