गावच्या टॉवरवर नवीन अँटेना बसवलेत, नक्की कुठला बँड चालू झाला ते कसं ओळखायचं?

सड्यावरची
नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात आमच्या वाडीच्या वर सड्यावर (डोंगरावरच्या कातळाच्या पठारावर) एक टॉवर आहे. पावसाळ्याआधी माणसं येऊन त्यावर तीन चपट्या पेट्या बसवून गेली, जुने लांब अँटेना आहेत तसेच ठेवलेत. वाटलं आलं ५जी. आता फोनवर कधी ५जी दिसतं कधी ४जी, पण प्रकार असा की पडवीत बसलं की झकास आणि माजघरात पाऊल टाकलं की एक दांडी. घर जांभ्याचं आहे, भिंती जाड. मी ऑनलाइन शिकवण्या घेते, पावसात पडवीत बसून शिकवायचं म्हणजे पत्र्याचा आवाज इतका की पोरांना माझं काही ऐकू जात नाही. कस्टमर केअरला फोन केला की "अपग्रेडेशन चालू आहे मॅडम". कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर हिचं कार्ड चांगलं की तिचं यावरच भांडण जुंपतं आणि प्रश्न राहतो बाजूला.
तर मला हे हवंय की टॉवरवर खरंच काय चालू झालं ते माझं मला कसं बघता येईल, आणि काय लिहून ठेवलं तर पुढच्या वेळी काम झालं की नुसत्या पेट्या टांगल्या ते कळेल. फोन अँड्रॉइड आहे, रूट वगैरे केलेला नाही आणि करणारही नाही.

सिग्नलवेडा
ताई आधी एक करा, फोनच्या कोपऱ्यातल्या ५जी या अक्षरांवर विश्वास ठेवणं सोडा. एनएसए पद्धतीच्या ५जीत फोन आधी ४जीला जोडलेला असतो आणि ५जी त्यावर जोड म्हणून येतं, आणि ४जीचा सेल नुसता "माझ्यासोबत ५जी मिळू शकतं" एवढं जाहीर करत असला तरी बरेच फोन ५जी लिहून मोकळे होतात, प्रत्यक्षात त्या जागी ५जीचा सिग्नल शून्य असला तरी. जिओचं ५जी एसए आहे म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालतं, एअरटेल आणि व्हीआयने सुरुवात एनएसएवर केली. त्यामुळे ५जी दिसणं याचा अर्थ कार्डाप्रमाणे बदलतो.

आता ॲप. नेटमॉन्स्टर टाका, फुकट आहे, रूट लागत नाही. नेटवर्क सेल इन्फो लाइट पण चालेल. त्यात बरेच आकडे दिसतील, घाबरू नका, चारच बघायचे.

पहिला ईएआरएफसीएन. हा म्हणजे वाहिनीचा क्रमांक आणि यावरून बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, पक्का कळतो. ० ते ५९९ असेल तर बँड १ म्हणजे २१०० मेगाहर्ट्झ, १२०० ते १९४९ बँड ३ म्हणजे १८००, २४०० ते २६४९ बँड ५ म्हणजे ८५०, ३४५० ते ३७९९ बँड ८ म्हणजे ९००, ९२१० ते ९६५९ बँड २८ म्हणजे ७००, ३८६५० ते ३९६४९ बँड ४० म्हणजे २३००, आणि त्याच्या पुढे ४१५८९ पर्यंत बँड ४१ म्हणजे २५००. ५जीला वेगळे लांब आकडे असतात, १५१६०० ते १६०६०० म्हणजे ५जीचा बँड एन२८ आणि ६२०००० ते ६५३३३३ म्हणजे एन७८.

दुसरा सेल आयडी, ईसीआय लिहिलेलं असतं. याला २५६ ने भागायचं. भागाकाराचा पूर्णांक म्हणजे टॉवरवरच्या बेस स्टेशनचा नंबर, बाकी उरते तो सेलचा नंबर. खरी गंमत इथे आहे, कारण टॉवर तोच राहून नवा बँड चालू झाला तर बहुतेक वेळा पूर्णांक तोच राहतो आणि बाकी बदलते. ५जीच्या सेल आयडीला (एनसीआय) मात्र हे गणित चालत नाही, तिथे स्टेशनच्या नंबरची लांबी कंपनी ठरवते.

तिसरा आरएसआरपी, म्हणजे सिग्नलची ताकद, उणे आकडा असतो. उणे ८५ म्हणजे मस्त, उणे ११० च्या खाली गेलं की रडारड. चौथा टायमिंग ॲडव्हान्स, म्हणजे टॉवरपासूनचं अंतर, सगळे फोन दाखवत नाहीत पण दाखवला तर ४जीत एक आकडा म्हणजे साधारण ७८ मीटर, म्हणजे ८ दिसलं तर टॉवर सहाशे-साडेसहाशे मीटरवर. सड्यावरच्याच टॉवरला जोडलेत की खाडीपलीकडच्या, ते यावरून कळतं.

हे पडवीत एकदा आणि माजघरात एकदा घ्या आणि इथे टाका. एनएसए असेल तर ॲप उघडं ठेवून मागे व्हिडिओ चालू ठेवा, डेटा वाहत नसेल तर ५जीचा सेल ॲपमध्ये येतच नाही.

पोर्टकरा
एवढी बीजगणितं करण्यापेक्षा दुसरं कार्ड घ्या ताई, दोन मिनिटांचं काम.

सड्यावरची
@पोर्टकरा दुसऱ्या दोघांचा टॉवर डोंगराच्या पाठीमागे आहे हो, पडवीतपण येत नाही. ते करून झालंय.

माजी_रिगर
मी बरीच वर्षं टॉवरवर चढायचं काम केलंय, म्हणून थोडं सांगतो. चपटी पेटी दिसली की लोक ५जी समजतात, तसं नसतं. मॅसिव्ह एमआयएमओची (एकाच पेटीत बरेच छोटे अँटेना) पेटी २३०० च्या ४जीला पण लागते, एअरटेलने ती ४जीवर २०१७ पासूनच वापरायला घेतली होती. खालून बघताना एक खूण बघा, पेटीला फक्त बारीक फायबर आणि पॉवरची वायर जात असेल, मागे वेगळा डबा नसेल, तर रेडिओ आणि अँटेना एकत्र असलेलं युनिट आहे. लांब अँटेनाच्या मागे मात्र आरआरएचचे म्हणजे रेडिओचे डबे आणि त्यातून अँटेनात जाणारे जाड काळे जम्पर दिसतात. पण कुठला बँड ते खालून बघून मीसुद्धा छातीठोक सांगणार नाही.

दुसरं म्हणजे पेट्या चढवणाऱ्याचं काम पेट्या चढवून संपतं. पुढे पॉवर, मग मागची लिंक (टॉवरला बाकीच्या नेटवर्कशी जोडणारी), मग दुसरी टीम इंटिग्रेशन म्हणजे नेटवर्कमध्ये जोडणी करते, मग साइट ऑन-एअर, मग ड्राइव्ह टेस्टवाला लॅपटॉप घेऊन सिग्नल मोजत फिरतो आणि टिल्ट (अँटेनाचा कल) नाहीतर अझिमथ (दिशा) चुकलं असेल तर परत कोणीतरी वर चढतं. ड्राइव्ह टेस्टवाला म्हणजे पाहुण्यासारखा, आला की सगळे कामाला लागतात. कोकणात यात सगळ्यात जास्त अडतं ते मागच्या लिंकवर. फायबर आलं नसेल आणि जुन्याच मायक्रोवेव्ह डिशवर भागवलं असेल तर वर कितीही बँड लावा, खाली पाइप तेवढाच. फोनवर सिग्नल फुल आणि स्पीड नाही असं असेल तर संशय तिकडे घ्यायचा. टॉवरवर गोल ढोलासारखी डिश कुठल्या बाजूला तोंड करून आहे ते बघा.

चाकरमानी_डोंबिवली
माजी_रिगर म्हणतात ते बरोबर पण सिग्नल फुल आणि स्पीड नाही याचं अजून एक साधं कारण आम्ही 😄 गणपतीत आणि होळीत आम्ही सगळे येतो, एकेका घरात पंधरा फोन. त्या दिवसांत स्पीडटेस्ट करून निष्कर्ष काढू नका. आणि अजून एक, मुंबईत माझ्या फोनवर जे बँड दिसतात ते गावी दिसतीलच असं नाही, मुंबई हे वेगळं सर्कल (टेलिकॉमचा विभाग) आहे (ठाणे, कल्याण, नवी मुंबई धरून) आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासकट वेगळं सर्कल, लहरींचा लिलाव पण वेगवेगळा होतो. एअरटेलचा नेटवर्क कोड मुंबईत ४०४-९२ आणि इकडे ४०४-९०, ॲपमध्ये दिसतो. त्यामुळे "मुंबईत तर आलंय मग गावी का नाही" हे आमच्या काकांचं भाषण फुकट जातं.

सड्यावरची
घेतले आकडे. पडवीत ईएआरएफसीएन ३९१५०, सेल आयडी २८२४७६०१, आरएसआरपी उणे ८४, टायमिंग ॲडव्हान्स ७. व्हिडिओ लावल्यावर खाली अजून एक ओळ आली त्यात ६३ ने सुरू होणारा सहा आकडी नंबर होता, माजघराकडे वळले की ती ओळ गेली. माजघरात ईएआरएफसीएन १४१५, सेल आयडी २८२४७५६९, आरएसआरपी उणे ११२.

सिग्नलवेडा
वा, एकदम स्वच्छ केस आहे. दोन्ही आयडींना २५६ ने भागा, दोन्हीकडे ११०३४२ येतं, बाकी एकीकडे ४९ आणि दुसरीकडे १७. म्हणजे स्टेशन तेच, सेल वेगळे. १४१५ म्हणजे बँड ३, १८२६.५ मेगाहर्ट्झ, तो बहुधा जुन्या लांब अँटेनावरचा. ३९१५० म्हणजे बँड ४०, बरोबर २३५० मेगाहर्ट्झ. आणि ६३ वाला नंबर एन७८, म्हणजे ५जी खरोखर हवेत आहे, नुसतं अक्षर नाही. टायमिंग ॲडव्हान्स ७ म्हणजे साडेपाचशे मीटरच्या आसपास, सडाच तो.

म्हणजे काम झालंय, पण जे आलंय ते तुमच्या माजघराच्या कामाचं नाही. २३०० आणि त्याहून ३३०० च्या वरचं एन७८, दोन्ही जांभ्याच्या भिंतीपुढे हात टेकतात. भिंतीतून आत शिरायला खालचे बँड लागतात, ७००, ८५०, ९००. २०२२ च्या लिलावात ७०० एकट्या जिओने सगळीकडे घेतला, तो ते ५जीला एन२८ म्हणून वापरतात, ४जीला त्यांच्याकडे ८५० आहे. व्हीआयकडे ९०० आहे. तुमच्या टॉवरवर यातलं काही लागलं तर माजघरात फरक पडेल, नाहीतर अजून दहा पेट्या लावल्या तरी पडवीचाच स्पीड वाढेल. तोपर्यंत पडवीच्या खिडकीत जुना फोन हॉटस्पॉट करून ठेवा, नाहीतर छपरावर बाहेरचं युनिट लावून मिळणारं एअर फायबर वगैरे चौकशी करा, एन७८ असल्यामुळे मिळण्याची शक्यता आहे. वायफाय कॉलिंग चालू करायला विसरू नका.

वहीत तारीख, जागा, ईएआरएफसीएन, सेल आयडी, आरएसआरपी एवढंच लिहीत जा, महिन्यातून एकदा पुरे. आणि नेहमी त्याच खुर्चीत, त्याच फोनवर. हौस असेल तर सेलमॅपर टाका, एसटीने चिपळूणला जाताना चालू ठेवा, नकाशावर आपोआप सेल चढत जातात, मात्र त्यात टॉवरची जागा अंदाजाने लागते आणि डोंगराळ भागात ती बिनदिक्कत खाडीत दाखवतं, मग हाताने सरकवावी लागते.

माजी_रिगर
सरकारी बाजूने बघायचं असेल तर तरंग संचार पोर्टल आहे, २०१७ मध्ये सुरू झालं. आपल्या भागातले टॉवर नकाशावर दिसतात, कोणाचा आणि कुठली टेक्नॉलॉजी ते कळतं. साइट चालू करण्याआधी कंपनीला रेडिएशनचं स्वतःचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते याच यंत्रणेतून जातं. तुमच्याकडे कोणी ग्रामसभेत रेडिएशनवरून टॉवर हलवा म्हणत असेल तर त्याच पोर्टलवर ४००० रुपये भरून मोजणी मागता येते, २०१२ पासून आपल्याकडे मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या भागाइतकी धरलेली. ट्रायने २०२४ च्या नियमांत कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे साइटवर टाकायला लावलेत, तेही बघा, पण त्यातला रंग घराबाहेरचा धरायचा, माजघराचा नाही.

धडगावकर
मध्येच घुसतो. आमच्याकडे सातपुड्यात बीएसएनएलचं ४जी आलं म्हणतात, सॅच्युरेशन योजनेतला (नेटवर्क नसलेल्या गावांसाठीची सरकारी योजना) टॉवर आहे, शेजारच्या पोराच्या फोनवर येतं आणि माझ्या फोनवर नेटवर्क शोधलं तरी ४जी येत नाही. कार्ड दोघांचं सारखं, कार्ड ४जीचं करून घेतलंय. टॉवर खराब का?

सिग्नलवेडा
टॉवर नाही, बहुतेक तुमचा फोन. बीएसएनएलचं स्वदेशी ४जी (तेजसचे रेडिओ, सी-डॉटचा कोअर म्हणजे नेटवर्कचा मधला भाग, टीसीएसची जुळवाजुळव, सप्टेंबर २०२५ मध्ये झारसुगुड्याहून उद्घाटन झालं ते) मुख्यतः ७०० आणि २१०० वर आहे. ७०० म्हणजे ४जीचा बँड २८, आणि जुन्या बऱ्याच ४जी फोनमध्ये बँड २८ नाहीच, कारण तेव्हा इथे तो कोणी वापरत नव्हतं. फोनचं मॉडेल नंबरसकट शोधा आणि ४जी बँडच्या यादीत २८ आहे का बघा. ५जीच्या यादीतला एन२८ वेगळा, तो बघून फसू नका. शेजाऱ्याच्या फोनवर नेटमॉन्स्टर टाकून ईएआरएफसीएन बघा, ९२१० ते ९६५९ मध्ये असेल तर हेच कारण.

धडगावकर
९ हजारावर काहीतरी आहे. माझ्या फोनच्या यादीत १, ३, ५, ८, ४०, ४१ आहे, २८ नाही.

सिग्नलवेडा
मग झालं. सेटिंगमध्ये काही करून येणार नाही. नवीन घेताना दुकानदाराला "५जी आहे का" विचारू नका, बँड २८ विचारा, आणि त्याला माहीत नसेल तर तिथेच उभं राहून मॉडेल नंबर शोधा.