डिसेंबरात लेकरांना मुंबई दाखवायची आहे, तीन दिवसात काय काय होईल?

वऱ्हाडची_सून:
नमस्कार सगळ्यांना. आम्ही दर्यापूर तालुक्यातले. कापसाची वेचणी आटोपली की डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लेकरांना मुंबईला न्यायचं ठरलंय, मोठी नऊ वर्षांची अन् लहाना चारचा. नणंद कल्याणला राहते म्हणून राहण्याचं टेन्शन नाही पण काय दाखवू अन् काय सोडू तेच समजत नाही. मोठीला समुद्र पायजे, लहान्याला पेंग्विन, ह्यांना एलिफंटा बेटावरची लेणी. लोकलच्या गर्दीची मला लय धास्ती वाटते. अन् आपल्याकडं पहाटे एवढी थंडी असते, तिकडं स्वेटर किती न्यावे? लहान्याचं तिकीट काढावं लागते का?

मूर्तिजापूरवाला:
ताई, पयले तारीख बदला. 6 डिसेंबरले महापरिनिर्वाण दिन असते, चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, आपल्याकडच्या साऱ्या गाड्या त्या दिवसात खचाखच असतात अन् दादरले पाय ठेवाले जागा नसते. अभिवादनाले जायचं असन तर जरूर जा, आम्ही जातोच, पण लेकरं घेऊन फिराचंच असन तर 10 तारखेनंतर जा. पाच वर्षाच्या आतल्याले तिकीट लागत नाही पण बर्थ भी भेटत नाही. पोरीचं अर्ध्या भाड्यात होते पण मंग बर्थ नाही, बर्थ पायजे तर पूर्ण भाडं. माह्यं ऐकाल तर पूर्णच काढा, रातभराचा प्रवास हाय, एका बर्थवर माय अन् दोन लेकरं झोपत नाहीत. बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेस धरा, सकाळी कल्याणलेच उतरता येते.

अकोला_ते_कल्याण:
स्वेटर फक्त गाडीपुरते ठेवा ताई. इथं डिसेंबरात दुपारी तीस डिग्रीच्या आसपास असते, सुती कपडेच बरे. पण थंडीत इथली हवा धुरकट असते, लहान्याला खोकल्याचा त्रास असेल तर त्याचं औषध सोबत असू द्या.
लोकलचं म्हणाल तर सकाळी अकराच्या आत सीएसएमटीकडं निघूच नका, अन् परतताना एकतर चारच्या आत बसा नाहीतर सरळ नऊनंतर. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी काही लोकल बंद ठेवतात, आधी बघून घ्या. राणीबाग, म्हणजे इथलं प्राणीसंग्रहालय, बुधवारी बंद, एलिफंटा सोमवारी बंद, त्या हिशोबानं दिवस लावा.
दिवसाला एकच मोठी जागा, हे मी मनापासून सांगते, नाहीतर लेकरं रडकुंडीला येतात अन् काहीच धड पाहत नाहीत. राणीबागेला कल्याणहून फास्ट लोकलनं भायखळ्याला उतरा, तिथून पायी जाता येते, पेंग्विन तिथंच आहेत. दुसऱ्या दिवशी सीएसएमटीला उतरलात की लगेच टॅक्सी करू नका. रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूनं स्टेशनची इमारत नीट दाखवा, फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे अन् दुसऱ्यावर वाघ, भिंतीवर दगडात कोरलेले मोर, माकडं, काय काय आहे, मोठीला शोधायला लावा, अर्धा तास कसा जातो कळत नाही अन् पैसा एक लागत नाही. तिथूनच 115 नंबरची डबलडेकर नरिमन पॉइंटकडं जाते, वर पुढच्या सीटवर बसवा त्यांना, अन् समुद्राला पायबिय लावायचे तर गिरगाव चौपाटी. एक जोड कपडे जास्तीचे घ्याच, पोरं भिजल्याशिवाय राहत नाहीत. मरीन ड्राइव्हच्या त्या सिमेंटच्या तिकटी दगडांवर मात्र चढू देऊ नका, फार धोका आहे.

ठाणे_खाडी:
एलिफंटाबद्दल थोडं. गेटवेवरून बोटीला तासभर लागतो, वर चढायला शंभरावर पायऱ्या आहेत, चार वर्षाचं पोरगं अर्ध्यातच कडेवर येईल. 2024 च्या डिसेंबरात ह्याच मार्गावर बोटीला मोठा अपघात झाला होता, म्हणून बसल्या बसल्या लाईफ जॅकेट मागून घ्या, लेकरांच्या मापाचं आहे का ते पण बघा. मला विचाराल तर लहाना मोठा होईस्तोवर एलिफंटा राहू द्या अन् ऐरोलीला जा. थंडीत ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो येतात, वनविभागाच्या बोटीतून दाखवतात. कल्याणहून ठाण्याला बदलून ऐरोली, जवळ पडते. बोट भरती-ओहोटीच्या वेळेप्रमाणं सुटते म्हणून आधी बुकिंग करा, सोमवारी बंद असते. जानेवारीत गेलात तर पक्षी आणखी जास्त दिसतील.