सल्ला हवा: विकायच्या सॉफ्टवेअरमध्ये मायएसक्यूएलची लायब्ररी चालते का?

सह्यकडा: पतसंस्थांसाठी डेस्कटॉप सॉफ्टवेअर विकतो. सी++ भाषा, क्यूटी टूलकिट, डेटाबेस मायएसक्यूएल ८. सेटअपमधून मायएसक्यूएलची क्लायंट डीएलएलही (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररीची फाइल) जाते. एका संस्थेच्या ऑडिटरने विचारलं, "ही डीएलएल जीपीएलची, मग तुमचा सोर्स कोण देणार?" जीपीएल म्हणजे जोडलेल्या प्रोग्रामचाही सोर्स कोड द्यायला लावणारं लायसन. सोर्स दिला तर धंदाच बसला. काय करावं?

बिनधास्त: मायएसक्यूएल फुकट आहे हो. सगळेच वापरतात, कोण बघतंय?

जुनाखोड: ऑडिटर बघतोय की! सह्यकडा, फुकट असणं आणि अटी नसणं यात फरक आहे. ग्राहकाने सर्व्हर स्वतः टाकून घेतला तर तो तुमच्या गळ्यात येत नाही. घोळ आहे तो तुमच्या एक्झीला, म्हणजे मुख्य प्रोग्रामला, जोडलेल्या क्लायंट लायब्ररीचा. ही आधी एलजीपीएल (जीपीएलचं सैल रूप) होती, ४.० पासून जीपीएल झाली. वेबची भाषा पीएचपी, तिच्या ५ व्या आवृत्तीने २००४ मध्ये ती सोबत देणं थांबवलं ते याच भानगडीतून. नंतर जी सूट आली ती ओपन सोर्सवाल्यांना, तुम्हाला नाही. डायनॅमिक लिंक केलं, म्हणजे लायब्ररी वेगळ्या फाइलीत ठेवून चालताना जोडली, म्हणून सुटलो असंही नाही, निदान जीपीएल लिहिणाऱ्या एफएसएफचं मत तसं आहे.

मार्ग दोन. मायएसक्यूएलची मालक ओरॅकल, तिच्याकडून व्यावसायिक लायसन घ्या, नाहीतर मायएसक्यूएलमधूनच निघालेल्या मारियाडीबी डेटाबेसचा सी कनेक्टर (तशीच क्लायंट लायब्ररी) जोडा. तो एलजीपीएल २.१ आहे आणि मायएसक्यूएलशी बोलतो. मी दुसराच घेईन. डीएलएल वेगळी ठेवा, लायसनची प्रत आणि त्या लायब्ररीचा सोर्स द्या.

वेबवाली: आमचं सॉफ्टवेअर आमच्याच सर्व्हरवर चालतं, ग्राहक ब्राउझरमधून वापरतो. आम्हालाही हे लागू?

जुनाखोड: ताई, जीपीएलचं बंधन प्रत वाटल्यावर लागतं, त्यामुळे तुम्ही मोकळ्या. एजीपीएल, म्हणजे जीपीएलचं कडक रूप, मात्र तिथेही पकडतं. बर्कली डीबी ही डेटाबेस लायब्ररी २०१३ मध्ये ६.० आवृत्तीला त्यावर गेली.

सह्यकडा: नवीन कामासाठी एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस घेऊ का? पब्लिक डोमेन आहे म्हणे.

जुनाखोड: आहे. पण एका वेळी एकच जण लिहू शकतो. पाच काउंटरवरून भरणा चालू असेल तर पोस्टग्रेस डेटाबेस घ्या, त्याची लायब्ररी बीएसडी पद्धतीच्या, म्हणजे तुमचा सोर्स न मागणाऱ्या, लायसनची आहे.

सह्यकडा: आभारी आहे, जुनाखोडसाहेब. कनेक्टर बदलून बघतो.

जुनाखोड: बदलताना कॅशिंग-शा-२ ची (पासवर्ड तपासायच्या पद्धतीची) प्लगइन डीएलएल सेटअपमध्ये घाला, नाहीतर मायएसक्यूएल ८ लॉगिनच देणार नाही. आणि तुमच्या करारात "रिव्हर्स इंजिनिअरिंग करू नये" असं कलम असणारच. एलजीपीएलला ते सरसकट चालत नाही. वकिलाला दाखवून तेवढं सैल करून घ्या.