पुणे-कोल्हापूर-मालवण-पणजी, मुलीला सिलिअ‍ॅक: हॉटेलात नेमकं काय विचारायचं?

रानवाट:
नमस्कार. मुलगी अकरा वर्षांची, सिलिअ‍ॅक आहे. म्हणजे गहू-बार्लीतलं ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेलं की तिचं आतडं बिघडतं, म्हणून घरात गहू पूर्ण बंद. दिवाळीच्या सुट्टीत पाच दिवस पुणे-कोल्हापूर-मालवण-पणजी असा बेत आहे, गाडी आमचीच. मासे आवडीने खाते. भात, मासे, भाकरी, इडली-डोसा यावर निभावेल असं वाटतंय. हॉटेलवाल्यांना काय विचारायचं? जैन जेवण सांगितलं तर सोपं पडेल का? आणि चुकून थोडंसं पोटात गेलं तर कितपत बिघडतं?

चौकटराजा:
आधी 'थोडंसं' म्हणजे किती ते बघा. पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहायला आपल्याकडची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत सहसा इजा होत नाही. रोज ५० गेलं की आतडं बिघडू लागतं. एक ग्रॅम मैद्यात साधारण ८० मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे चमच्याच्या टोकाला चिकटलेला मैदासुद्धा दिवसभराची मर्यादा ओलांडतो. त्रास जाणवला नाही म्हणजे काही झालं नाही, असं धरू नका.

जैन जेवण मुळीच नको. त्यात कांदा-लसूण नाही म्हणून हिंग उलट सढळ हाताने पडतो, आणि डबीतल्या पिवळ्या हिंगात बहुधा मैदा किंवा कणीक असते. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो, पण हॉटेलात कुठली डबी आहे हे वाचल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे वरण, पिठलं, सांबार, कढी यांची फोडणी हिंगाशिवाय करून मागा. आयतं तयार असलेलं वरण नको, साधा भात आणि तूप घ्या.

सुरमई_तवा:
मासे: मालवण-गोव्यात फ्राय म्हटलं की रवा आलाच. "रवा नको, तांदळाचं पीठ लावा" एवढं सांगून भागत नाही. मसाला लावलेले तुकडे रव्याच्या ताटात घोळवतात आणि त्याच हाताने तांदळाचं पीठ घेतात. म्हणून मॅरिनेशनमधून थेट काढलेला, कोरडं पीठ न लावलेला तुकडा मागा, आणि तो छोट्या, धुतलेल्या पॅनमध्ये ताज्या तेलात. ज्या तव्यावर दिवसभर रवा जळतोय तिथे नुसतं फडकं फिरवून उपयोग नाही. तळण्याच्या तापमानाला ग्लुटेन नष्ट होत नाही, तेव्हा समोसे-पुऱ्या तळलेल्या कढईतली भजीही बाद, मग पीठ निव्वळ बेसनाचं का असेना. कालवणात सहसा पीठ नसतं, घट्टपणा खोबऱ्याच्या वाटणाचा असतो. तरी मसाल्यात हिंग आहे का, ते विचारा. कोंबडी-वड्यांतल्या वड्यांच्या पिठात पुष्कळदा गहू असतो, ते सोडाच. घावणे, शिरवाळे, सोलकढी चालतात, घावण्याचा तवा तेवढा वेगळा हवा.

भाकरीबद्दल दोन प्रश्न: थापताना वरून कुठलं पीठ लावता? आणि पीठ कुठल्या गिरणीतलं? गव्हानंतर त्याच जात्यात ज्वारी घातली की सुरुवातीच्या पिठात गहू उतरतोच. घरगुती खानावळीत उतरणार असाल तर प्रमाणित ग्लुटेन-फ्री तांदळाचं किंवा नाचणीचं पीठ, स्वतःचा छोटा तवा आणि उलथणं सोबत न्या. बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी सांगितलं की करून देतात. फोन दुपारी ४ ते ६ मध्ये करा, आणि जेवायला १२च्या सुमारास पोचा. दीडच्या गर्दीत वेगळा पॅन कोणी शोधत नाही.

कोल्हापुरात पांढऱ्या रश्श्याला दाटपणा कशाने आणलाय ते विचारा. पारंपरिक रश्श्यात नारळाचं दूध, काजू, खसखस असते, पण काही हॉटेलं मैदा लावतात.

इडलीपात्र:
इडली तांदूळ-उडदाचीच आहे ना, आणि त्याच साच्यात रवा इडली होते का, हे विचारून मगच घ्या. चटणी-सांबारात हिंग असतो, म्हणून घरची शेंगदाण्याची चटणी नेणं उत्तम. (मेतकूट नेऊ नका, त्यात गहू असतो.) डोसा मी टाळायलाच सांगेन: रवा डोसा त्याच तव्यावर होतो आणि कुरकुरीत व्हावा म्हणून साध्या पिठातही कधी रवा-मैदा मिसळतात. माल्ट घातलेल्या दुधाच्या पावडरीत बार्ली असते, तीही बंद.

'ग्लुटेन' शब्द स्वयंपाकघरात पोचत नाही. पदार्थांची नावं सांगा, आणि मराठीबरोबर हिंदीतही लिहून न्या, कारण गोव्याच्या किचनमध्ये बरेच आचारी बाहेरच्या राज्यांतले असतात. कागदावर एवढंच:

"हिला आजार आहे. गहू, कणीक, मैदा, रवा, पाव, सोया सॉस, डबीतला हिंग अजिबात चालत नाही. कणभरानेही त्रास होतो. धुतलेला पॅन, वेगळं उलथणं, ताजं तेल वापराल का?"

वेटरला वाचून दाखवू नका, कागद आत आचाऱ्याकडे पाठवा. उत्तर "हो हो, चालेल" असं झटक्यात आलं तर "तळायला कुठली कढई घेणार?" असं विचारा. त्याला नीट उत्तर नसेल तर तिथे उकडलेली अंडी (सोलून न दिलेली), केळी आणि भात एवढंच घ्या.

रानवाट:
कागद आजच लिहितो. उपवासाचे पदार्थ चालतील का? रस्त्यात साबुदाणा खिचडी सगळीकडे दिसते.

सुरमई_तवा:
खिचडी हा त्यातल्या त्यात बरा पर्याय. जिरं, मिरची, दाणे, बटाटा. हिंग सहसा नसतो आणि काही ठिकाणी उपवासाची भांडीही वेगळी ठेवतात. वरीचा भात, दाण्याची आमटीही तशीच. साबुदाणा वडा मात्र बटाटेवडा आणि समोशाच्या तेलातच निघतो, तो नको. खिचडी वाढायचा डाव पोह्यांच्या किंवा उपम्याच्या पातेल्यात जात नाही ना, तेवढं काउंटरवर उभं राहून बघा.