टाळ्या वाजवल्या की कान झाकतो, मग कौतुक कसं करायचं?

केवडा:
मुलगा साडेचार वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला). शब्द तीन-चारच. दोन आठवड्यांपासून बिस्किट हवं असलं की त्याचं चित्र असलेलं कार्ड उचलून हातात द्यायला लागलाय, पण दहात दोन-तीनदाच आणि फक्त माझ्याकडे. आजीकडे मात्र देत नाही, तिचा हात धरून डब्यापाशी ओढतो. कार्ड दिलं की घरातले सगळे टाळ्या वाजवतात, तो कान झाकून निघून जातो आणि बिस्किट तसंच राहतं. कौतुक कसं करावं? आणि "बिस्किट म्हण, मग देते" असा आग्रह धरावा का?

वाचा_उपचार:
केवडाताई, टाळ्या आजपासून बंद करा. कार्ड तुमच्या हातात पडलं की सेकंदाच्या आत बिस्किट त्याच्या हातात गेलं पाहिजे. 'मी मागितलं आणि मिळालं', हेच त्याच्यासाठी कौतुक. मध्ये टाळ्या आल्या की कार्ड दिल्यावर गोंगाट होतो एवढंच त्याला कळतं, म्हणून तो ते टाळतो. बिस्किट देताना नेहमीच्या आवाजात फक्त "बिस्किट" म्हणा. आनंद दाखवायचाच असेल तर त्याला आवडेल तसा: कुणाला पाठ घट्ट दाबलेली आवडते, कुणाला नुसतं शेजारी बसलेलं.

"म्हण, मग देते" अजिबात नको. कार्ड देणं म्हणजेच मागणं. मागूनही मिळालं नाही तर मूल कार्ड सोडून पुन्हा हात ओढू लागतं. कार्डांमुळे बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही, उलट अनेक मुलांचं बोलणं थोडंफार वाढलंय.

आजीचं कारण साधं आहे: आजी मागायच्या आधीच देत असणार. चित्राचं कार्ड देऊन मागायची ही पद्धत (पेक्स) अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत डेलावेअरला सुरू केली, आणि तिच्या पहिल्या पायरीला दोन मोठी माणसं लागतातच. आजींना बिस्किट घेऊन समोर बसवा, तुम्ही त्याच्या मागे. आजींनी "काय हवंय?" विचारायचं नाही, नाहीतर विचारल्याशिवाय कार्ड न देण्याची सवय लागते. त्याने बिस्किटाकडे हात नेला की मागून कोपराला हलका आधार देत तो हात कार्डाकडे वळवा. हात झटकला तर तिथेच थांबा, जबरदस्ती नको. मदत शेवटाकडून काढत या: आधी कार्ड हातात सोडण्याची, मग पुढे करण्याची, शेवटी उचलण्याची.

आणि पार्ले-जीचे ४ तुकडे करा. अख्खा दिला तर मागण्याची एकच संधी मिळते, तुकड्यांनी चार.

कात्री_आणि_डिंक:
कार्ड ५ × ५ सेंमी पुरे. पुड्याचा नाही, त्याच बिस्किटाचा फोटो घ्या, मागे कोरी पांढरी जागा. लॅमिनेट केल्यावर कापताना चारी बाजूंनी ३-४ मिमी प्लास्टिक सोडा, नाहीतर लाळ आत शिरून आठवड्यात थर सुटतात. कोपरे गोल करा. वेल्क्रोची मऊ बाजू सगळ्या कार्डांना आणि खरखरीत बाजू कार्डं लावायच्या फळीला, किंवा उलट, पण सगळीकडे एकच. एक जरी चुकलं तरी ते कार्ड चिकटत नाही. प्रत्येकाच्या दोन प्रती ठेवा. हरवलेलं कार्ड म्हणजे हरवलेला शब्द.

फोनवर हवं असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं, चित्रं दाबून बोलायचं 'जेलो' ॲप मोफत आहे आणि मराठीतही आहे. कार्डं तरीही असू द्या, बॅटरी संपते.

निशिगंध:
मराठीपुरतं एक सांगते. शब्द शिकवताना "हवं" मागे ठेवा, "दे" पुढे घ्या. हवा, हवी, हवं हे वस्तूप्रमाणे बदलतं: चेंडू हवा, पोळी हवी, पाणी हवं. "दे" बदलत नाही. "नको", "अजून" आणि "बस" तसेच, त्यामुळे लवकर जमतात. "नको" म्हटल्यावर घास खरोखर मागे घ्या, तोही त्याचा मोठा टप्पा आहे.

तो "पाणी हवंय का?" असं तुमचंच वाक्य परत म्हणत असेल तर ते मागणंच समजा. पाणी देत त्याच्या बाजूने म्हणा, "पाणी दे." आई दिवसभर "मी जाते" म्हणते, म्हणून मुलगाही "जाते" म्हणतो. त्यावर टोकू नका, त्याच्यासाठी बोलताना "मी जातो" म्हणा.

बोलून झालं की मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक घरांत तीनच्या आत प्रश्न पुन्हा विचारला जातो आणि त्याची जुळवाजुळव मोडते.

केवडा:
मग पाण्याची बाटलीही वर ठेवून कार्डाची वाट बघायची का? आणि प्रगती मोजायची कशी?

वाचा_उपचार:
नाही. पाणी, शू, औषध, जेवण यांसाठी कधीच अडवायचं नाही. पाण्याचं कार्ड बाटलीवर चिकटवा, दिलं तर उत्तम, नाही दिलं तरी पाणी मिळायलाच हवं. सराव खाऊ, फुगे, भोवरा अशा गोष्टींवर करा: पारदर्शक बरणी, घट्ट झाकण, दिसेल पण उघडणार नाही अशी.

वहीत रोज एकच ओळ: काय मागितलं, कुणाकडे, कसं. 'स्व' म्हणजे स्वतःहून, 'खू' तुम्ही खूण केल्यावर, 'हा' हाताच्या आधाराने. आजींसमोरचा पहिला 'स्व' लाल पेनाने लिहा. एखादा आठवडा आकडे खाली आले तर आधी झोप, दात, कान, सर्दी बघा. आलेले शब्द एकामागून एक जायला लागले तर मात्र वही घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. आणि श्रवणचाचणी झाली नसेल तर ती याच आठवड्यात करून घ्या.